आमची वाटचाल: शाकारणीपासून सीलंटपर्यंत

आमच्या घरातला धंदा मूळचा कौलांचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिपळूणच्या आसपासच्या गावांतून शाकारणीची कामं घ्यायचे. एप्रिल लागला की चार गडी घेऊन निघायचे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पुन्हा चढवायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ती छपरं टिकायची आणि आढ्यावरच्या कोन्यांखालचा, म्हणजे शेंड्यावरच्या वळणदार कौलांखालचा चुना सोडला तर सांधा बुजवायला त्यांत काहीही नसायचं. ही गोष्ट मला लहानपणापासून दिसत होती. कळायला मात्र धंद्यातली चार वर्षं आणि बऱ्यापैकी पैसे गेले.

2007 साली मी खेर्डीला गाळा घेतला आणि पत्र्याची कामं सुरू केली. कौलांची मागणी ओसरत होती, रंगीत पत्रा सगळ्यांना हवा होता. सिलिकॉन, म्हणजे सांधे बुजवायचं रबरासारखं सीलंट, भरायची गन हातात आल्यावर मला वाटलं, आता गळतीची चिंता मिटली. जिथे फट दिसेल तिथे ट्यूब. हार्डवेअरच्या दुकानात जी स्वस्त मिळेल ती. दाबली की शिरक्यासारखा झणझणीत वास यायचा, आणि आम्ही म्हणायचो, वास आहे म्हणजे माल ताजा आहे!

2009 मध्ये एका काजूवाल्यांची शेड केली. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. जाऊन बघतो तर भिंतीलगतच्या फ्लॅशिंगखालून (छप्पर आणि भिंत यांमधला सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीखालून) पाणी येत होतं आणि पोत्यांच्या दोन थप्प्या भिजल्या होत्या. मी शिडीवर चढून सिलिकॉनच्या कडेला नख लावलं, तर हातभर लांबीची पट्टी शेवईसारखी सुटून हातात आली. खाली पत्र्यावर पांढरी भुकटी, कापलेल्या कडेला तांबूस गंज. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या जातीचं सिलिकॉन घट्ट होताना हे आम्ल सोडतं. गॅल्व्हल्यूम पत्र्यावरच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त असतं, ते आम्ल जस्ताला खातं. सिमेंटच्या गिलाव्यावरही ते नीट धरत नाही. काचेसाठी उत्तम असलेला माल मी पत्र्याला लावला होता. चूक दुकानदाराची नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

पण खरं दुखणं अण्णांनी काढलं. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते, तरी शिडी चढून वर आले. फ्लॅशिंगच्या लांबीत जिथे दोन तुकडे जोडले होते तिथे बोट ठेवून म्हणाले, "अरे, वरचं खाली गेलंय. मग तुझी ट्यूब काय करील?" उताराच्या वरच्या अंगाचा तुकडा खालच्याच्या खाली सरकवला होता. पाणी थेट सांध्याच्या तोंडात जात होतं. योग्य जातीचं सिलिकॉन असतं तरी ते काम एक पावसाळा पुढे ढकललं गेलं असतं, एवढंच. ती शेड आम्ही पदरचे पैसे घालून पुन्हा केली.

त्यानंतर कोटेशन लिहायची माझी पद्धत बदलली. आधी मी 'सीलंटसह' असा एक शब्द लिहायचो आणि त्या शब्दात काहीही बसायचं. आता सांधा कुठला, तो किती हलणार, सीलंट कुठल्या जातीचं, हे तीन स्वतंत्र ओळींत लिहितो. गिऱ्हाईक वाचतं असं नाही, पण आमचा फिटर वाचतो.

हलण्याचंच घ्या. बारा मीटरचा पत्रा पहाटे 20 अंशांवर असतो आणि मे महिन्यातल्या दुपारी 65 पर्यंत तापतो. पोलाद प्रत्येक अंशाला, प्रत्येक मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. म्हणजे साडेसहा मिलिमीटरचा खेळ. तो सगळा एकाच टोकाच्या सांध्यावर आला आणि सांधा मधल्या तापमानाला भरला, तरी दोन्हीकडे सव्वातीन मिलिमीटर. '25' वर्गाचं सीलंट सांध्याच्या रुंदीच्या 25 टक्के ताणलं किंवा दाबलं जाऊ शकतं. म्हणजे सांधा किमान 13 मिलिमीटर रुंद हवा. आमचे लोक चार मिलिमीटरची फट चोख बुजवून खूश व्हायचे, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती फाटायची. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर हिशोब जवळजवळ दुप्पट. ट्यूबवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आयएसओ 11600 किंवा एएसटीएम सी 920 हे सीलंटचं मानक लिहिलेलं असतं, त्यापुढचा वर्ग बघायचा. वर्गच लिहिलेला नसेल तर ती ट्यूब मी छपरावर नेत नाही.

खोलीचंही तसंच. सांधा जितका खोल तितकं जास्त भरलं की पक्कं, ही समजूत अजून जात नाही. रुंदीच्या निम्मी खोली पुरते. मागे फोमची दोरी दाबून बसवायची, म्हणजे सीलंट दोन बाजूंनाच चिकटतं आणि मधे मोकळं ताणलं जातं. तळालाही चिकटलं की ताणायला जागा राहत नाही. दहा मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर खोल सांध्यात 300 मिलिलिटरची ट्यूब सहा मीटर जाते. हा आकडा मी फिटरना पाठ करायला लावला आहे. ट्यूब दोन मीटरवर संपली तर समजायचं, आत कुठेतरी गाडली जातेय.

जात निवडताना आता आमचं साधं आहे. पत्र्यावर पत्रा चढतो त्या लॅपच्या आत ब्युटाइलची (चिकट रबराची) टेप, स्क्रूच्या रांगेच्या वरच्या अंगाला. ती सुकत नाही, चिकट राहते, आणि उन्हात येत नाही म्हणून टिकते. लॅपची खालची, बाहेर दिसणारी कड ट्यूबने लिंपू नये. बरेच जण लिंपतात, दिसायला छान दिसतं, पण आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं. उन्हात उघड्या राहणाऱ्या फ्लॅशिंगच्या सांध्याला न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना ते आम्ल न सोडणारं सिलिकॉन. त्यावर रंग बसत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. रंग द्यायचाच असेल तर एमएस पॉलिमर किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही सीलंटचीच दुसरी जात. पीयू गिलाव्याला मस्त धरतं, पण सतत उन्हात राहिलं की वरून भुकटी धरतं आणि तडकतं, म्हणून त्यावर रंग हवाच. डांबराच्या कशालाही सिलिकॉन लावायचं नाही. आणि पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याला चालेल असं कंपनीने लेखी दिलेलं नसेल तर काहीच लावायचं नाही, कारण चुकीच्या सीलंटने तो पत्रा बारीक बारीक तडकतो.

जून 2020 मध्ये निसर्ग वादळ झालं. दापोली-मंडणगडकडे आम्ही दोन महिने फक्त दुरुस्त्याच करत होतो. एका घराचा पत्रा अंगणापलीकडे पडला होता. उलटा करून बघितला तर टेप जशीच्या तशी, स्क्रूंची भोकं मात्र फाटून बोटभर झालेली. त्या घरमालकांना वाटलं होतं, एवढं चिकटवलंय तर उडणार कशाला. सीलंट पाणी अडवतं, पत्रा धरून ठेवणं स्क्रूचं आणि खालच्या पर्लिनचं (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांचं) काम. तेव्हापासून कडेच्या आणि आढ्याजवळच्या रांगांना आम्ही स्क्रू वाढवतो.

पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूण बुडालं. गाळ्यात पाणी शिरलं आणि सगळी खोकी गेली. काही ट्यूबा वरून ठीक वाटत होत्या, पण मी त्या फेकल्या. तसाही तापलेल्या गाळ्यात ठेवलेला माल लवकर बाद होतो. तारखेआधी महिनाभर उरला की मी तो वापरत नाही.

वेळेची एक गंमत सांगतो. कोकणात थंडीत पहाटे पत्रा दवाने निथळतो, म्हणून दहाच्या आत गन हातात घ्यायची नाही. एप्रिलमध्ये उलट, बारानंतर पत्र्यावर हात ठेववत नाही. काम होतं ते मधल्या दोन तासांत आणि संध्याकाळी. मुंबईच्या ठेकेदारांना हे पटवताना दमछाक होते. काम झालं की पाइपाने पाणी मारायचं, पण खालच्या सांध्यापासून वर वर जात. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कधीच कळत नाही.

आता अडलंय ते जांभ्यापाशी. चिऱ्याच्या भिंतीला सीलंट लावलं की ते दगडाला धरण्याऐवजी त्याच्या धुळीला धरतं, आणि पाणी तर चिऱ्याच्या अंगातूनच झिरपून फ्लॅशिंगच्या मागे उतरतं. आम्ही भिंतीत इंचभर खोल खाच मारून फ्लॅशिंगची कड आत वळवतो, ब्रशने झाडून प्राइमर मारतो, मग भरतो. गुहागरकडच्या एका घरी एकाच भिंतीवर अर्ध्या लांबीत पीयू आणि अर्ध्यात न्यूट्रल सिलिकॉन भरून ठेवलंय, मालकांच्या परवानगीने. दोन पावसाळे झाले. पीयूच्या टोकाला केसाएवढी फट दिसू लागलीय. पण तिथेच चिऱ्याचाही टवका उडालाय, त्यामुळे दोष कुणाचा हे अजून ठरत नाही. या ऑक्टोबरला शिडी लावून पुन्हा बघणार आहे.