खरं का फोटूतलं

शनिवार, रात्री साडेदहा

"बाई, खरं लावू का फोटूतलं?"

सकाळपासून एवढंच डोक्यात फिरतंय. विचारताना त्या पोरीनं मानसुद्धा वर केली नव्हती. बोटाच्या टोकावर लाल टिकली, नजर तक्त्यावर. निळ्या पेनानं लिहू का काळ्या, असं विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं.

तक्ता माझाच. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चार चेहरे काढलेत. एक हसरा, एक रडका, एक रागीट आणि एक नुसत्या सरळ रेघेच्या तोंडाचा. शाळेत आल्या आल्या आपापल्या चेहऱ्याखाली टिकली लावायची. मार्च २०२४ मध्ये शाळांसाठी आनंददायी शनिवारचा शासन निर्णय आला आणि त्या जूनमध्ये मी हा तक्ता टांगला. निर्णयात प्राणायाम आहे, नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्य आहे, रस्ता सुरक्षासुद्धा आहे. टिकल्या मात्र माझ्या पदरच्या, दहा रुपयांचं पाकीट. अभिमान होता मला त्या तक्त्याचा, खोटं कशाला बोलू.

ती रोज हसऱ्याखाली लावायची. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, पट निम्म्यावर आला, आईबाप कोयता घेऊन गेले आणि ती आजीपाशी राहिली, तरी हसऱ्याखालीच. आणि मी काय केलं? सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "बघा, आई नाही जवळ तरी कशी हसतमुख! घ्या काहीतरी."

घ्या काहीतरी!

त्या दिवशीचं तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करतेय. आठवत नाही. फोटो आहे, त्यात हसतेय.

दर शनिवारी बाराच्या आत ग्रुपवर फोटो टाकावा लागतो. तक्त्यासमोर पोरं ओळीनं उभी करते आणि मोबाईल धरून म्हणते, "हसा की रे जरा." दर शनिवारी म्हणते. पोरगी हुशार. तिला वाटलं, हसऱ्याखालची टिकली ही फोटोतलीच एक गोष्ट आहे, गणवेशासारखी. शनिवारी स्वच्छ यायचं आणि हसऱ्याखाली लावायची. तिचं चुकलं कुठं? मी तिला कधी विचारलं होतं का खरं? मला वाटतं विचारलं होतं. पण विचारताना मला उत्तर हवं होतं का, हे रात्री साडेदहाला स्वतःला विचारणं फार सोयीचं नाही.

शिक्षण हक्क कायद्यात आहे, कलम १७. शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रासही नाही. बारा वर्षांत मी एका पोराला चापट मारलेली नाही. पण आई लांब गेलेल्या पोरीला रोज हसायला लावणं कुठल्या रकान्यात बसतं?

आणि पोटदुखी. आता एकेक जुळतंय तसं अंगावर येतंय. गेले तीन आठवडे सुट्टीची वेळ झाली की हिचं पोट दुखायचं. चारला पोरं दप्तरं भरायला लागली की ही बेंचवर पालथी. मी म्हटलं, खिचडी बाधली. कपाटातली ओव्याची पुडी काढून चिमूटभर द्यायची, वर दोन घोट पाणी. ती गुमान चावायची. तोंड वाकडं करायची, पण चावायची. या वयाची पोरं 'मला उदास वाटतंय' असं म्हणत नाहीत, पोट दुखतं म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात. तालुक्याच्या प्रशिक्षणात हे पडद्यावर दाखवलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. खाली दोनदा रेघ मारली होती. आणि शाळेत येऊन ओवा दिला.

शाळा सुटल्यावर घरी जायचं म्हणजे त्या घरात जायचं. हे मला कळायला किती दिवस लागावेत?

पण मलाही कोण विचारतंय. दोन शिक्षकी शाळा, त्यात सर बैठकीला गेले की चारही वर्ग माझे. मतदार यादी माझी, पोषण आहाराची नोंद माझी, ऑनलाइन माहिती माझी. अठ्ठावीस किलोमीटर स्कूटी. माझ्यासाठी कुणी तक्ता टांगलाय? माझ्या चिनूशी परवा फोनवर तीन मिनिटं बोलले, तेही 'जेवलास का' आणि 'पैसे आहेत का'. तो म्हणाला, हो, मस्त चाललंय. त्याचंही फोटूतलंच असेल. जाऊ दे, ते आत्ता नको.

भिंतीवर १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, रंगवलेला आहे. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ मीच स्केचपेननं लिहून खाली चिकटवला. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. चांगलीच सोय आहे, मोठ्या माणसाला. आठ वर्षांच्या पोरीनं कुणाच्या फोनवरून लावायचा? आईचा फोन आईसोबत उसाच्या फडात. आजीचा फोन शेजाऱ्यांकडं चार्जिंगला. आणि लावून सांगायचं काय, आई पाडव्याला येणार आहे? ते तिला माहीत आहे. मागं राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेलाय, मंजूर झाला की दोन वेळच्या पोटाची सोय होईल. परत पोटच.

हे लिहिता लिहिता मघाशी एकटीच हसले. गण्यानं आज चारही चेहऱ्यांखाली एकेक टिकली लावली. म्हटलं, हे काय रे? तर म्हणे, "बाई, दिसभराची एकदमच लावून टाकली." पाचवी कपाळाला लावून गेला. तो तक्ता खऱ्या अर्थानं कुणी वापरला असेल तर या एकट्यानं. आणि मी त्याला टिकल्या वाया घालवतोस म्हणून दटावलं. चारशे रुपयांचं मोबाईलचं रिचार्ज फोटो पाठवण्यात घालवणारी बाई टिकल्यांचा हिशेब ठेवते!

तिला मी काय उत्तर दिलं, ते लिहायचं टाळतेय. म्हटलं, "खरं लाव." आवाज जरा जास्तच गोड निघाला असणार. तिनं तक्त्याकडं बघितलं. रडक्याकडं, मग सरळ रेघेकडं. बोट उचललं, खाली घेतलं. मागं गण्या ढोसत होता. मग टिकली तळहातावर चिकटवून मूठ मिटली आणि म्हणाली, "सोमवारी लावते, बाई."

मी म्हटलं, "बरं." आणखी काही सुचलंच नाही. बरं झालं सुचलं नाही ते, नाहीतर परत कौतुक केलं असतं.

सोमवारी तक्ता दाराच्या आतल्या बाजूला टांगणार आहे. दार उघडं असलं की तो भिंतीकडं जातो, दिसत नाही. ज्याला लावायची त्यानं दार ओढून घ्यावं. चारला तिच्यासोबत घरापर्यंत चालत जाऊन बघेन, वाटेवरच आहे. स्कूटी हातात धरून. ओव्याची पुडी राहू दे कपाटात, कुणाचं खरंच पोट दुखू शकतं.

सरांचा मेसेज आलाय, 'आजचा फोटो आला नाही.' तक्त्याचा काढलाच नव्हता. सकाळच्या प्राणायामाचा एक सापडला, तो पाठवला. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. गण्या एका डोळ्यानं बघतोय.