तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पेंट की आधी थ्रीची रेषा?

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळणारी मुलं मला हटकून विचारतात: डिफेन्समध्ये आधी पेंट (बास्केटखालचा रंगवलेला चौकोन) सांभाळायचा की थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, म्हणजे ‘थ्री’, मिळतात? ‘दोन्ही’ म्हणणं सोपं आहे. पाच जणांत ते होत नाही. काहीतरी सोडावंच लागतं, आणि काय सोडायचं ते मॅचच्या आधी ठरवावं लागतं.

२०२४ची एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या स्पर्धेची, फायनल बघा. पर्ड्यू विद्यापीठाकडे झॅक ईडी, ७ फूट ४ इंच. त्याच्यावर दोघे धावून गेले की तो बॉल बाहेर द्यायचा आणि मोकळे गार्ड (बाहेरून खेळणारे खेळाडू) थ्री मारायचे. समोरच्या कनेक्टिकटचे कोच डॅन हर्लींनी दुसरा माणूस फारसा पाठवलाच नाही. ७ फूट २ इंचांचा डोनोव्हन क्लिंगन बहुतेक वेळ एकटाच त्याला भिडला, बाकीचे आपापल्या शूटरला चिकटून. ईडीने ३७ गुण केले. करू दिले म्हणा ना! पर्ड्यूला थ्री मारायला मिळाले सातच, त्यातला एकच बास्केटमध्ये गेला. कनेक्टिकट ७५-६०ने जिंकलं.

पण हे जमलं ते क्लिंगन होता म्हणून. असा माणूस नसेल तर मी व्हर्जिनियाचे माजी कोच टोनी बेनेट यांची पॅक-लाइन ही डिफेन्सची पद्धत सुचवतो. बॉलवर एकाचा दाब, बाकी चौघे बास्केटपासून १६ फुटांच्या काल्पनिक रेषेच्या आत. पास बाहेर गेला की बॉल हवेत असतानाच धावायचं: आधी लांब ढांगा, शूटरजवळ आल्यावर छोटी पावलं, हात वर, अंगाचा भार मागे. भार पुढे राहिला की तो शॉटची हूल देऊन बाजूने आत घुसलाच.

२०१८च्या एनसीएए स्पर्धेत यूएमबीसी या विद्यापीठाने याच डिफेन्सवर २४ पैकी १२ थ्री टाकले आणि व्हर्जिनियाला ७४-५४ने हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला नमवल्याची ती पहिलीच वेळ. बेनेटनी तरी पॅक-लाइन सोडली नाही. २०१९ला तीच खेळून विजेतेपद घेतलं.

त्यानंतर मात्र अमेरिकेतल्या कॉलेजची थ्रीची रेषा सुमारे दीड फूट मागे गेली. आता ती आपल्याकडे असते तिथेच आहे, ६.७५ मीटरवर. म्हणजे आतून बाहेर धाव जास्त. पोरं तेवढी पळणारी नसतील, तर समोरच्यांचा सगळ्यात कच्चा शूटर वॉर्म-अपमध्येच हेरा आणि मोकळं फक्त त्याला सोडा.