भिंतीला पोटीस

आमच्या मालवणकडच्या देवळात ओवरीचा जांभा हात लावला की पिठासारखा झडतो. संवर्धनाचं काम करणाऱ्या मुलीने तिथे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा थापून ठेवला होता. "गो बाय, भिंतीक पोटीस कित्याक?" इति अण्णा. पण पोटीसच ते! सुकताना दगडातलं मीठ ओढून घेतं. आज तिने तो लगदा काढून पाण्यात कालवला, गाळलं, थेंबभर नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पाणी क्षणात पांढरं गढूळ! क्लोराइड. म्हणजे आपलं समुद्राचंच मीठ.

खाऱ्या वाऱ्याबरोबर ते दगडात मुरतं, ओल सुकली की आतच त्याचे खडे धरतात आणि दगड फोडतात. त्यात मागच्या जीर्णोद्धारात दरजा सिमेंटने भरलेल्या (हौसेने, वर्गणी काढून!). सिमेंटमधून ओल सुटत नाही, ती शेजारच्या जांभ्यातून निघते. म्हणून सिमेंट ठणठणीत आणि दगड पोखरलेला. चुना असता तर तोच आधी झिजला असता, परत भरता आला असता.

२०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा गावभर स्टेटस झळकले होते. आता आपल्या देवळाच्या दरजा चुन्याने भरायच्या तर चुना भिजवायला खड्डा कोणाच्या जागेत काढायचा, यावर रविवारी सभा आहे. भांडण होणारच.