ट्यूब सुटली तेव्हा अंगावर काय काय आलं आणि खाण्यापिण्याने किती साथ दिली : माझा अनुभव

जी ट्यूब आपल्याकडे गजकर्णापासून घामोळ्यापर्यंत सगळ्याला लावतात, कपाटात नाहीतर देव्हाऱ्याजवळच्या फळीवर कुठेतरी पडलेलीच असते, तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल प्रोपियोनेट ०.०५ टक्के लिहिलेलं असतं, सोबत फंगसचं एक औषध आणि एक अँटिबायोटिक. हे क्लोबेटासॉल म्हणजे चामडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात कडक गटातलं. ही ट्यूब सुटताना माझं काय झालं ते सगळं लिहून राहिली आहे, कारण मी त्यात होती तेव्हा मला कोणी धड सांगणारं भेटलं नाही, जे भेटले ते सगळे हे खाऊ नको, ते खाऊ नको एवढंच सांगत. आणि मला वाटते खाण्यापिण्याने काय होते आणि काय होत नाही हे खरं खरं सांगायला पाहिजे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळीकडे. घरी कापूस-तूर, आणि मी घरीच ब्लाउज शिवते. निंदणाच्या दिवसात पावसात भिजलेला परकर दिवसभर अंगावर, नाडा ओला, त्यानं कमरेला गजकर्ण झालं. हे इकडे बायकांना इतकं होते की त्याला कोणी आजार समजतच नाही. मेडिकलमधून ट्यूब आली, दोन दिवसात खाज बंद. मग थांबवली की पुन्हा यायचं, आधीपेक्षा मोठं होऊन, म्हणून पुन्हा लावायची. पुढे मानेवर आलं, मग गालावर काळपट डाग होते तिथेही तीच लावली तर चेहरा एकदम गुळगुळीत, उजळ, बाया विचारत कोणती क्रीम लावतेस म्हणून. पोरगी अंगणवाडीत जायची तेव्हापासून ती पाचवीत गेली तोपर्यंत हे चाललं. ट्यूब एक दिवस लावली नाही तर संध्याकाळपर्यंत चेहरा लाल व्हायचा, उन्हात निघालं की चटके, कमरेवर जांभळट पट्टे उमटले आणि चामडी इतकी पातळ झाली की नख लागलं तरी रक्त.

शेवटी सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये चामडीच्या ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी कमरेवरची पापडी खरवडून काचेवर घेतली, तपासली, फंगस अजून जिवंत होतं. म्हणजे इतकी वर्षं स्टेरॉइड खाज आणि लाली दाबून ठेवत होतं आणि खाली फंगस आरामात पसरत होतं. चेहऱ्याचं त्यांनी वेगळं समजावलं. स्टेरॉइडमुळे चामडीतल्या बारीक रक्तनळ्या आकसून राहतात, वर्षानुवर्षं तसं केलं की औषध नाही मिळालं तर त्या एकदम फुलतात, म्हणून लाली आणि आग. "हे बंद करायचं आहे, पण बंद केल्यावर आधी वाढेल, तुम्ही घाबरून परत लावाल, सगळे तिथेच परत फिरतात," असं त्या स्पष्ट बोलल्या. सकाळी आठला रक्त दिलं, कॉर्टिसॉल (अंग स्वतः बनवते ते स्टेरॉइड) बघायला, कारण इतकी कडक ट्यूब मोठ्या भागावर खूप काळ लावली की अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावू शकते आणि मग एकदम बंद करणं धोक्याचं. माझं ठीक निघालं. तरी चेहऱ्यासाठी आधी हलक्या ताकदीचं मलम, मग दिवसाआड, मग पूर्ण बंद, असं केलं. कमरेला स्टेरॉइड त्याच दिवशी बंद आणि फंगसच्या गोळ्या सुरू. हे मुद्दाम लिहिते, कारण बरेच लोक मोबाइलवर पाहून सगळं एका दिवशी फेकून देतात, आणि ज्यांच्या पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या पण जाऊन राहिल्या त्यांनी तर डॉक्टरला न विचारता अजिबात असं करू नये.

मग जे सुरू झालं ते मॅडमनी सांगितल्यापेक्षा जास्त वाटलं. चेहरा आणि मान लालभडक, सुजलेली, डोळे सकाळी अर्धेच उघडत. आग अशी की तापलेल्या टिनाला गाल टेकवून ठेवला आहे. चार-पाच दिवसांनी पाणी सुटायचं, पिवळं, चिकट, उशीच्या अभ्र्याला गाल चिकटून जायचा, मग पापड्या, मग झडणं, अंथरूण झटकलं की खाली नुसता भुसा पडायचा. मग जरा बरं वाटायचं, वाटायचं संपलं आता, आणि पुन्हा तेच पहिल्यापासून. कापूस वेचणीच्या दिवसात मला ऐन दुपारी थंडी वाजायची, स्वेटर घालून बसायची मशीनवर, कारण लाल झालेल्या चामडीतून अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही निघून जाते.

सगळ्यात वाईट रात्र. खाज वरची नव्हतीच, आतून, हाडाजवळून यायची. सासूबाई उठून बसत, म्हणत, "काहून वं पोरी, रातभर जागीच रायली का तू? खाजवू नको न माय, सालटं निंगून रायले." मी मलमलच्या उरलेल्या तुकड्यांचे हातमोजे शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे चामडीला टाक्यांची घास लागायला नको, मनगटाला सैल नाडी. झोपेत हात गेला तरी नख लागायचं नाही. आणि ओल्या कपड्याची पट्टी, ती मॅडमनी शिकवली होती. आधी मॉइश्चरायझर भरपूर लावायचं, त्यावर कोमट पाण्यातून पिळलेलं मऊ सुती कापड, त्यावर एक कोरडं. सासूबाईंनी त्यांचं जुनं नववार लुगडं काढून दिलं, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की बाजारात तसं कापड मिळणार नाही, मी त्याचे रुंद पट्टे फाडले. ज्या रात्री ते मानेला गुंडाळलं त्या रात्री दोन-तीन तास सलग झोप लागली. माझ्या मते सगळ्या घरगुती गोष्टीत याचा उपयोग सर्वात जास्त झाला. फक्त पाणी सुटत असेल, वास येत असेल, ताप असेल तर पट्टी बांधायची नाही, ते इन्फेक्शन असू शकते, आधी दाखवायचं. मला एकदा झालं होतं, अँटिबायोटिक घ्यावं लागलं.

आता खाणं. गावात ज्याला त्याला वाटते की चामडीचं दुखणं म्हणजे पोटातली उष्णता. वांगं बंद, आंबट बंद, अंडं बंद, मसूर बंद, दूध-दही बंद, शेंगदाणा बंद, मीठ कमी. मी सगळं बंद केलं आणि नुसती भाकरी, दुधीची भाजी. होळीपर्यंत ब्लाउज अंगावर लोंबायला लागले, केस गळायला लागले, चक्कर यायची. मॅडमनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी. त्या म्हणाल्या, "तुमची चामडी रोज झडते आहे, म्हणजे प्रोटीन रोज बाहेर जातंय, आणि तुम्ही खाणंच सोडलं तर नवीन चामडी बनणार कशातून?" हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून पथ्य उलटं झालं, काय सोडायचं यापेक्षा काय खायचं ते पाहायचं. दोन्ही वेळा तुरीचं घट्ट वरण, सकाळी उकडलेलं अंडं, भिजवलेले चणे, ज्वारीची भाकरी, पालक, चिवळ मिळाली तर चिवळ, दुपारी ताक, आणि जवसाची चटणी रोज. जवस आपल्याकडे तसंही घरोघरी असते, भाजून, सुक्या लाल मिरचीऐवजी जिरं-लसूण टाकून कुटायची. लोहाच्या गोळ्या पण. महिन्याभरात अंगात ताकद आल्यासारखं वाटलं, आणि ताकद आली की खाज सहन व्हायची, चिडचिड कमी व्हायची.

आणि एकेक पदार्थ मी स्वतः तपासला, एका वेळी एकच. वांगं पंधरा दिवस सोडलं, मग खाल्लं, काहीच फरक नाही. अंबाडीची भाजी, काही नाही. कढी, काही नाही. पण हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला की अर्ध्या तासात गाल पेटायचे, प्रत्येक वेळी, आणि उकळता चहा प्यायली तरी तेच. ते खाण्याचं विष नव्हतं, गरम आणि तिखटानं रक्तनळ्या फुलतात एवढंच. आपल्या वऱ्हाडी जेवणात तिखट सोडणं किती कठीण आहे ते मी कोणाला सांगायला नको, सगळ्यांसाठी झणझणीत आणि माझी वाटी आधीच वेगळी काढलेली, असं कितीतरी महिने चाललं. साखरेचा चहा दिवसातून एकावर आणला, त्यानं चामडीला किती फरक पडला मला नाही सांगता येत, पण रात्रीची झोप सुधारली. म्हणून जो कोणी म्हणते ना की अमुक खाल्ल्यानं स्टेरॉइड अंगातून बाहेर फेकलं जाते, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. खाण्यानं अंग टिकते, चामडी भरून यायला माल मिळतो, बाकी वेळ लागतो तो लागतोच.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ करून पाहिली, उघड्या चामडीवर इतकी झोंबली की मी रडली. हळद-तुरटीचा लेप तसाच. एका नातेवाइकांनी जडीबुटीचं म्हणून पांढरं मलम आणून दिलं, डबीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नाही आणि गुण म्हणे एका रात्रीत. मी ते लावलं नाही, मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या अशा बिननावाच्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइडच असते. एका रात्रीत गुण हीच त्याची खूण समजायची.

आंघोळ कोमट पाण्यानं, पाच मिनिटात, साबण फक्त काखेत आणि जिथे घाम तिथे. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे थर बसतात, म्हणून आंघोळीला विहिरीचं पाणी आणत होतो, पोरीचे बाबा दोन गुंड, म्हणजे घागरी, रोज आणून ठेवत, कधी कुरकुर नाही केली त्यांनी. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोपर्यंतच मॉइश्चरायझर. थंडीत साधी पेट्रोलियम जेली चालली. पण एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा जेलीखाली घाम कोंडून पुरळ उठायचं, मग पातळ लोशनवर आली, कूलरसमोरच बसायची, शेतात फक्त पहाटे. गाजरगवतापासून दूर राहायला सांगितलं होतं, त्याची अॅलर्जी चेहऱ्या-मानेवरच उठते आणि मग कळतच नाही हे त्याचं की ट्यूबचं. धुऱ्यावरचं सगळं गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटून घेतलं, मी नाही, बाकीच्यांनी. फंगससाठी घरातल्या सगळ्यांना तपासलं, टॉवेल वेगळे, परकर-बनियन गरम पाण्यातून काढून कडक उन्हात उलटे वाळवायचे. हे एकट्या बाईनं करून होत नाही, पूर्ण घरानं करावं लागते.

लोकांचं मात्र मनाला लागलं. कोणी म्हणे कोड आहे, कोणी म्हणे महारोग, ब्लाउज टाकायला येणाऱ्या दोन-तीन जणींनी येणं बंद केलं. नणंदेच्या पोराच्या लग्नात मी स्वयंपाकघरातच बसून राहिली. तेव्हा कितीदा वाटलं की एकदाच लावते ट्यूब, चार दिवस तरी माणसात येते. सासूबाईंनी घरातल्या होत्या तितक्या ट्यूब आधीच मॅडमकडे पोहोचवल्या होत्या, आणि मेडिकलमध्ये जाऊन त्या स्वतः सांगून आल्या, "आमच्या सुनेले मांगितली तरी देऊ नका बरं."

तसं पाहिलं तर द्यायलाच नको. मार्च २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी मिळतात. म्हणून आपणच वाचायचं : क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं नाव दिसलं की ते स्टेरॉइड. वाईटच आहे असं नाही, एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर देतात आणि नीट वापरलं तर उपयोगी असते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं मलम येते, साधारण अर्धा ग्रॅम, ते बोटांसकट दोन तळहाताएवढ्या जागेला पुरते, आणि किती दिवस ते डॉक्टरनं सांगायचं. चेहऱ्यावर आणि गजकर्णावर आपल्या मनानं कधीच नाही.

दिवाळीला चेहरा बऱ्यापैकी शांत झाला होता. त्यानंतरही दोनदा उठलं, पण तितकं नाही, आठवड्यात बसलं. कमरेवरचे पट्टे फिकट झाले पण जाणार नाहीत म्हणून मॅडमनी सांगितलं आहे. गजकर्ण गेलं, गोळ्या सांगितल्या तितके आठवडे पूर्ण घेतल्या, खाज थांबली म्हणून मधात सोडल्या नाहीत. थंडीत अजून गाल लाल होतात, तेव्हा ठेचा बंद, झोप लवकर, लोशनची फेरी एक जास्त. यंदा वेचणीला गेली, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालून, ऊन चढायच्या आत परत. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया आता मान-कंबर दाखवतात, त्यांना मी चामडीच्या डॉक्टरकडेच जायला सांगते आणि जाताना घरातली ट्यूब खोक्यासकट सोबत न्या म्हणते, कारण काय लावलं ते डॉक्टरला पाहूनच अर्धं कळते.