पित्ताशय फुटेल एवढी भीती इंग्रजीत कशी सांगायची

तैवानमध्ये शिंचूला राहायला आल्यापासून रविवारी दुपारी आमचा एक लँग्वेज एक्सचेंजचा छोटा ग्रुप जमतो, मी त्यांच्याकडून इंग्रजी बोलून घेते आणि ते माझं चायनीज सुधारतात. हल्ली त्यांना हवा असलेला टॉपिक म्हणजे फोबिया. नेटवर या शब्दांच्या लांबलचक याद्या मिळतात, कोळ्याची भीती, उंचीची भीती, काय वाट्टेल त्याची भीती आणि प्रत्येकाला एक ग्रीक नाव, आणि ही पोरं ती पाठ करत बसतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण त्यातले नव्वद टक्के शब्द कुठलाही इंग्रज माणूस आयुष्यात तोंडाने उच्चारत नाही.

पाठ का करतात तेही कळतं म्हणा. चायनीजमध्ये हे काम फार सोपं आहे, फोबियाला म्हणतात खोंग-च्यू-चंग, आणि पुढे कशाची भीती ते लावलं की झाला शब्द तयार. बंद जागेची भीती, खोल समुद्राची भीती, सगळं त्याच साच्यात. छोट्या छोट्या भोकांची गर्दी बघून अंगावर काटा येतो ना, कमळाच्या बोंडासारखी, त्याला मी-ची खोंग-च्यू-चंग म्हणजे दाटीची भीती. आणि लोकांत मिसळायची भीती वाटणाऱ्याला तर नुसतं शखोंग म्हणतात, तरुण मुलं स्वतःबद्दल बोलताना हा शब्द सारखा वापरतात. त्यामुळे त्यांना वाटतं इंग्रजीतही प्रत्येक भीतीला एक शब्द असणार आणि तो आपल्याला यायलाच हवा. पण इंग्रजीत रोजच्या बोलण्यात क्लॉस्ट्रोफोबिया (बंद जागेची भीती), अरॅक्नोफोबिया (कोळ्याची भीती) असे मोजकेच चालतात, बाकी लोक सरळ फिअर ऑफ हाइट्स, फिअर ऑफ फ्लाइंग म्हणतात. अ‍ॅगोराफोबिया (मोकळ्या किंवा गर्दीच्या जागी जायची भीती) हा शब्दसुद्धा १८७१ मध्ये वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरने पेशंट्ससाठी बनवलेला, गप्पांसाठी नाही. आणि होमोफोबिया (समलिंगी लोकांबद्दलचा), झेनोफोबिया (परक्या लोकांबद्दलचा) यांत तर भीतीपेक्षा द्वेषच जास्त आहे, तिथे साचा लावून अर्थ काढायला गेलं की फसायला होतं.

मी त्यांना यादी बंद करायला लावते आणि आधी पायऱ्या शिकवते. अफ्रेड, स्केअर्ड हे रोजचं, त्याच्या वर फ्रायटन्ड, मग टेरिफाइड, आणि पेट्रिफाइड म्हणजे भीतीने दगड झालेला. इथे एक अडचण हमखास येते. चायनीजमध्ये विशेषणाआधी हन लावायची सवय असते, हन म्हणजे खूप, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ खूप असा नसतोच, नुसतं वाक्य नीट बसावं म्हणून तो येतो. मग इंग्रजीत सगळीकडे व्हेरी येतं, व्हेरी टेरिफाइड, व्हेरी पेट्रिफाइड. टेरिफाइडमध्ये खूप आधीच आलंय, त्याला जोर द्यायचाच तर अ‍ॅब्सोल्यूटली लावा. दुसरं म्हणजे स्केअर्ड आणि स्केअरी. आय अ‍ॅम स्केअरी म्हटलं की समोरच्याला वाटतं हा मला घाबरवतोय. त्यांच्याकडे घाबरण्याला हाय-फा आणि भीतिदायकला ख-फा असे वेगळे शब्द आहेतच, तेवढी आठवण करून दिली की डोक्यात बसतं. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे आय अ‍ॅम अफ्रेड वी आर क्लोज्ड यातलं सभ्यपणाचं अफ्रेड मला त्यांना समजवावं लागलं नाही, चायनीजमधलं खोंग-फा अगदी तेच काम करतं. मराठीत आपण इथे माफ करा म्हणून मोकळे होतो.

खरी मजा म्हणींत येते. आपल्याकडे काळजात धस्स होतं, पाचावर धारण बसते, त्यांची भीती मात्र पित्ताशयात राहते. भित्रा म्हणजे तान-श्याओ, लहान पित्ताचा, आणि फार घाबरला तर श्या-फ्वो-तान, पित्ताशयच फुटलं. हे शब्दशः इंग्रजीत नेलं तर घोटाळा होतो कारण पित्ताला इंग्रजीत गॉल म्हणतात आणि गॉलचा दुसरा अर्थ उद्धटपणा! पेल्यातल्या सापाची जुनी गोष्टही त्यांनी मला सांगितली. पाहुण्याला दारूच्या पेल्यात साप दिसतो, यजमानाचा मान राखायला तो तशीच पितो आणि घरी जाऊन आजारी पडतो, नंतर कळतं की तो भिंतीवरच्या धनुष्याचं प्रतिबिंब होतं आणि आजार पळतो. मी लगेच त्यांना आपली अंधारात दोरीला साप समजणाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि तेव्हा कळलं की त्यांच्याकडेही साप चावलेला माणूस दहा वर्षं विहिरीच्या दोराला घाबरतो.

इथे लोक ४ आकडा टाळतात, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, सूर फक्त वेगळा. कितीतरी हॉस्पिटलमध्ये चौथा मजलाच नसतो. इंग्रजीत याला टेट्राफोबिया असं भारदस्त नाव आहे पण मला ते पटत नाही, कोणी चार बघून थरथरत नाही, अपशकुन टाळण्याची ती साधी रीत आहे. फोबिया हा आजार आहे. डॉक्टरांच्या निकषांत तो साधारण ६ महिने किंवा जास्त टिकलेला असावा लागतो आणि त्याच्यामुळे रोजचं जगणं अडलेलं किंवा फार त्रास होत असावा लागतो.

हे मी इतकं लावून धरते कारण आमच्या ग्रुपमधली एक मुलगी शिकायला इंग्लंडला चाललीये आणि तिला रक्त बघून चक्कर येते. चायनीजमध्ये त्याला युन-श्युए म्हणतात, रक्ताने येणारी घेरी, शब्दातच लक्षण आलं. तिने मात्र हीमोफोबिया पाठ करून ठेवला होता. या भीतीत बाकीच्यांसारखं नसतं, आधी जरा धडधडतं आणि मग ब्लडप्रेशर एकदम खाली येऊन माणूस कोसळतो, म्हणून नर्सला आधी कळायला हवं की हिला झोपवून सुई टोचायची. हातापायाचे स्नायू घट्ट आवळून प्रेशर टिकवायची एक पद्धत आहे तीही नर्स सांगू शकते, पण विचारलं तरच. आम्ही तिच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं, आय फेंट व्हेन आय सी ब्लड, कॅन आय लाय डाउन प्लीज. लाय (आडवं होणं) आणि ले (आडवं ठेवणं) यांत अजून गडबड करते, पण नर्सला कळेल.