आधी न्यायालय ठरवा, मग लॉ कॉलेज

पदवीचा निकाल लागला आणि एलएल.बी. करायचे नक्की झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कॉलेज कोणते घ्यावे? प्रवेशाच्या हंगामात हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या पालकांशी माझे नेहमी बोलणे होते. बहुतेकांच्या हातात कॉलेजांच्या नावांची यादी असते आणि तिचा क्रम मी लावून द्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. मी मात्र उलट विचारतो की, शिकून झाल्यावर तुम्हाला कोणत्या न्यायालयात उभे राहायचे आहे? त्याचे उत्तर मिळाले, तर यादीतली निम्मी नावे आपोआप गळून पडतात. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे करणारा वकील आहे, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. इथे जे लिहितो आहे ते प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाविषयी आहे.

मुळात सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, सगळ्यांची सारखीच असते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, मान्य केलेली पदवी हाती असली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करता येते. या नोंदणीसाठी राज्य बार कौन्सिलांनी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा अधिक रक्कम घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. ती १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते आणि टीपाटिप्पणी नसलेले बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्यांची केवळ मूळ कलमे असलेली पुस्तके, सोबत नेऊन सोडवता येते. पुढे आयुष्यभर ज्या वकीलपत्रावर आपण सही करतो, त्यावर आपले नाव आणि सनद क्रमांक असतो. कॉलेजचे नाव लिहायला तिथे रकानाच नाही. पक्षकारही ते विचारत नाही. त्याला पुढची तारीख कधी आहे आणि काम कुठवर आले आहे, एवढेच कळायला हवे असते.

याचा अर्थ कॉलेजने काहीच फरक पडत नाही असा नाही. फरक पडतो, पण तो पदवीच्या कागदात पडत नाही. त्या तीन वर्षांत कानावर आणि नजरेखाली काय गेले, यात पडतो.

पण त्याआधी मान्यतेचे पाहावे. दूरस्थ किंवा पत्रद्वारे घेतलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही, तरीही तशा जाहिराती दिसतात आणि माणसे पैसे भरून बसतात. रात्रीच्या लॉ कॉलेजची आठवण जुनी मंडळी काढतात. तेही आता नाही. विधी शिक्षणाच्या २००८ च्या नियमांनुसार अनिवासी संस्थेतले वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यावे लागतात, आठवड्याला किमान ३० तास अध्यापन व्हावे लागते आणि परीक्षेला बसायला साधारणपणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. एखादे कॉलेज ‘हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ असे प्रवेशाच्या वेळीच सांगत असेल, तर ते कॉलेज तुमच्यावर उपकार करत नसून स्वतःचे वर्ग भरत नसल्याची कबुली देत आहे, असे मी समजतो.

कॉलेजांतला खरा फरक कळतो तो प्रात्यक्षिकाच्या विषयांत. मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटा निवारण आणि मूट कोर्ट (म्हणजे न्यायालयात बाजू मांडण्याचा सराव) व इंटर्नशिप असे चार विषय सर्वत्र सक्तीचे आहेत. त्यातल्या मूट कोर्टाच्या विषयात तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे निरीक्षण, पक्षकाराची मुलाखत कशी घ्यावी याचे टिपण आणि शेवटी तोंडी परीक्षा असते. शिवाय तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करायची असते. कागदावर हे अगदी उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक विद्यार्थ्यांच्या रोजनिशा एकाच मूळ वहीवरून उतरवलेल्या असतात आणि ते ओळखायला फारसे कौशल्य लागत नाही, कारण सगळ्यांच्या वहीत तोच साक्षीदार त्याच दिवशी फितूर झालेला असतो.

याउलट ज्या मुलीने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून एकच फौजदारी खटला आरोप निश्चितीपासून निकालापर्यंत पाहिला आहे, तिच्या वहीत निराळ्याच गोष्टी सापडतात. पंच सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांना उत्तरे देताना, पंचनाम्यावरची आपली सही ओळखतो आणि उलटतपासात ती सही पोलीस ठाण्यातच केल्याचे सांगून टाकतो. त्यानंतर सरकारी वकील त्याला फितूर ठरवून स्वतःच उलटतपास घेण्याची परवानगी मागतात. आणि न्यायाधीश हे सारे टंकलेखकाला सांगताना साक्षीदाराच्या तोंडचा एखादा शब्द जसाच्या तसा ठेवायला लावतात. साक्षी पुराव्याच्या कायद्याची दहा व्याख्याने ऐकून जे ध्यानात येत नाही, ते अशा एका दुपारी येते. ही दुपार मिळायची, तर कॉलेज न्यायालयापासून चालत किंवा एका बसने गाठता येईल इतक्या अंतरावर हवे आणि वर्ग अशा वेळी सुटायला हवेत, की न्यायालयाचे कामकाज अजून चालू असेल. कॉलेजचे अंतर आणि वेळापत्रक या दोन रुक्ष बाबींना मी नावलौकिकापेक्षा वरचे स्थान देतो, ते याचसाठी.

आता नकाशाकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईत आहे आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आणि गोव्यात खंडपीठे आहेत. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, आशियातील सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. हा वारसा थोर आहेच. पण आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तितकीच मोलाची गोष्ट अशी, की उच्च न्यायालय आणि नगर दिवाणी न्यायालय तिथून चालण्याच्या अंतरावर आहेत. कंपनी कायदा, कर किंवा समभागांचे व्यवहार यांत काम करायचे असेल तर मुंबईला पर्याय शोधण्यात अर्थ नाही, कारण ती कामे आणि ती करणाऱ्या मोठ्या फर्म तिथेच आहेत. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाची कीर्ती १९२४ पासूनची आहे आणि पुण्यात जिल्हा न्यायालयाबरोबर कौटुंबिक न्यायालय, ग्राहक आयोग, राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ असे पुष्कळ काही आहे. मात्र उच्च न्यायालयाचे खंडपीठ पुण्यात नाही. ज्याला रिट याचिकांचे, म्हणजे सरकारी निर्णयांना उच्च न्यायालयात आव्हान देण्याचे, काम शिकायचे आहे, त्याने ही उणीव आधीच हिशेबात धरावी.

कोल्हापूरचे गणित तर अलीकडेच बदलले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. शहाजी विधी महाविद्यालय तिथे १९३३ पासून आहे. आजवर या पट्ट्यातला हुशार विद्यार्थी उच्च न्यायालयाच्या ओढीने मुंबईला जात असे आणि बहुधा तिथेच राहत असे. आता त्याला घरापासून काही तासांच्या अंतरावर उच्च न्यायालयाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, रोज वाचता येईल. नव्या ठिकाणी बार लहान असतो, ज्येष्ठांना हाताखाली माणसे हवी असतात आणि नवख्याला लवकर उभे राहायला मिळते. या सहा जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांनी पुण्या-मुंबईचा अर्ज भरण्यापूर्वी एकदा तरी कोल्हापूरचा विचार करावा, असे मला वाटते.

भाषेचा मुद्दा विद्यार्थी सहसा काढत नाहीत, पण तो काढायला हवा. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि उच्च न्यायालयाची इंग्रजी. ज्याला खालच्या न्यायालयात काम करायचे आहे, त्याला दावा, कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर), दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), सातबाऱ्यावरच्या फेरफारांची भाषा आणि निशाणी ५ चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज हे सारे मराठीत लिहिता आले पाहिजे, आणि हे शिकवणारे प्राध्यापक ज्या कॉलेजात आहेत ते त्याच्यासाठी चांगले कॉलेज. उत्कृष्ट इंग्रजीत मूट गाजवून आलेला तरुण वकील निशाणी ५ म्हणजे काय हे कारकुनाला विचारताना मी पाहिला आहे. त्यात त्याचा दोष नाही. त्याला ते कोणी दाखवलेच नव्हते. उलट दिशेनेही हे तितकेच खरे आहे. उच्च न्यायालयाची आस असेल, तर वर्गात आणि ग्रंथालयात इंग्रजी निकालपत्रे वाचण्याची सवय जिथे लागेल तिथेच जावे, मग सुरुवातीची दोन सत्रे कितीही जड जावोत.

न्यायाधीश व्हायचे आहे असे सांगणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्यांची आखणी आता सपशेल बदलायला हवी. कॉलेज जवळचे कोणतेही घ्यायचे, खरा भर शिकवणीवर द्यायचा आणि पदवी मिळताच कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे, असा प्रघात पडला होता. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्या वकिलीचे प्रमाणपत्र तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचे, किंवा किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने द्यायचे आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मोहोर हवी. म्हणजे पदवीनंतर लगेच परीक्षा नसून आधी ज्युनिअरशिप, म्हणजे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, आहे. ती कोणाकडे आणि कुठे करणार, हे प्रवेशाच्या वेळीच डोक्यात असलेले बरे, कारण शिकत असताना ज्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात इंटर्नशिप केली तिथेच पुढे जागा मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. शिक्षण एका शहरात आणि वकिली दुसऱ्या शहरात, असे केले की ही ओळख शून्यापासून करावी लागते.

नोकरी सांभाळून कायदा शिकणाऱ्यांना यातले फारसे लागू नाही. बँकेत किंवा महसूल खात्यात काम करणाऱ्याला ज्ञान आणि बढतीसाठी पदवी हवी असते. पगारी पूर्णवेळ नोकरी चालू असताना वकिली करता येत नाही, त्यामुळे न्यायालयाच्या जवळिकीचा त्याला उपयोग थोडा. त्याने सकाळचे वर्ग, घरापासूनचे अंतर आणि कार्यालयाची लेखी परवानगी एवढे पाहिले तरी पुरे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा रस्ताही वेगळा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत, बारावीनंतर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांसाठी तिथे जाता येते आणि मोठ्या फर्मकडे जाणाऱ्यांना त्यांचा फायदा निश्चित होतो. मात्र त्यांचे शुल्क पाहून मगच स्वप्ने पाहावीत.

नावे दोन-चारवर आली, की त्या कॉलेजांत स्वतः जाऊन यावे. माहितीपत्रकावर कोणी विसंबू नये. सर्वांत आधी ग्रंथालयात जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांवरची भाष्ये मागावीत. हे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. एवढ्या काळानंतरही कपाटात केवळ जुन्या भारतीय दंड संहितेचीच पुस्तके असतील, तर खरेदी कधी थांबली ते कळते. मग पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही पाहू द्यावी, अशी विनंती करावी. नंतर मूट कोर्टाची खोली उघडून दाखवायला सांगावे. एका कॉलेजात मला ती खोली दाखवली गेली तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छातीइतके रचलेले होते आणि त्यांच्यावरची धूळ किमान एका सत्राची होती. विधी सहाय्य केंद्राविषयीही विचारावे : शेवटचे शिबिर कोणत्या गावात झाले, तिथे कोणते प्रश्न आले आणि पुढे त्यांचे काय झाले. ज्यांनी काम केले आहे ते उत्साहाने सांगतात. बाकीचे फलकाकडे बोट दाखवतात.

शेवटी पैशांचे. विनाअनुदानित कॉलेजांचे मंजूर शुल्क राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यापेक्षा जास्त मागणी होत असेल, तर ती कशासाठी आहे हे लेखी मागावे. पण शुल्काइतकाच विचार पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा करावा. ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अनेकांच्या हाती येणारी रक्कम यापेक्षा बरीच कमी असते. महागड्या शहरात भाड्याने राहून हा काळ काढणे ज्याला परवडणार नाही, त्याने शिकतानाही तिथे खर्च करू नये. तो पैसा स्वतःच्या जिल्ह्यातल्या ज्युनिअरशिपसाठी राखून ठेवावा.

सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना बहुतेक जण आधी नामांकित कॉलेजे लिहितात आणि ज्या कॉलेजात खरोखर जायचे आहे ते सुरक्षित म्हणून खाली ठेवतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते, असा नियम या प्रक्रियेत असतो; त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत त्याचे नेमके शब्द वाचूनच अर्ज कायम करावा.