शेवटी अंगाला लागलं

बुधवार. रात्रीचे पावणेबारा.

रिपोर्टची फाईल टीव्हीशेजारी पडली होती. आता ती कपाटात आहे, इस्त्रीच्या कपड्यांखाली. मंजूला 'कोलेस्टेरॉल जरा वर आहे' एवढंच सांगितलं. आईला तेही नाही.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारा मुलगा काही वाईट बोलला नव्हता. असेल पंचविशीतला. छातीवर गार जेल, बरगड्यांत रुतणारा प्रोब, डाव्या कुशीवर वळा, श्वास सोडा, धरून ठेवा. स्क्रीनवर दोन ठिपके जोडता जोडता तो शेजारी टाइप करणाऱ्या मुलीला म्हणाला, "एपिकार्डियल फॅट लिही. सात मिलिमीटर." मी विचारलं, कुणाला? तो हसला. "तुम्हालाच, काका."

'काका'चं दुःख वेगळं. ते पुन्हा कधीतरी.

मला चरबी! शाळेत मला उदबत्ती म्हणायचे. लग्नातला सूट मागून टाचण्या लावून बसवला होता. आणि आईचं पालुपद तर चाळीस वर्षं तेच, "मेल्याच्या अंगाला काही लागतच नाही." असं म्हणत ती वरून आणखी एक चमचा तूप सोडते. मीही हात आडवा करत नाही. कशाला करायचा? लागत नाहीच म्हटल्यावर!

खरं सांगायचं तर या पालुपदाचा मला फार अभिमान होता. शऱ्या पर्वतीच्या पायऱ्या धापा टाकत चढतो, रोज, पाऊस असो की थंडी. मी त्याला कॉलर धरून म्हणायचो, अरे, आमच्याकडे बघ, पायरी न चढता बासष्ट किलो. त्याने मागच्या महिन्यात हीच सगळी तपासणी केली. स्वच्छ निघाली. अजून मी त्याला फोन केलेला नाही.

डॉक्टरांनी लेटरहेडच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. हृदयाचा स्नायू, त्यावर ही चरबी, आणि मध्ये पडदा-बिडदा काही नाही. दोघांना रक्तही एकाच वाहिन्यांतून. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या या चरबीतूनच गेलेल्या असतात. मुळात ती शत्रू नाही म्हणे. हृदयाला हालताना गादी, शिवाय इंधनाची कोठी, कारण हृदय चरबी जाळूनच बरंचसं काम भागवतं. पण कोठी प्रमाणाबाहेर भरली की तिच्यात घुशी होतात. चरबीतून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात आणि धमन्या तर तिथेच, हाताशी.

"पण मी बारीक आहे हो," मी म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक.

त्यांनी टेप काढली. शर्ट वर करा, पोट आत ओढू नका. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत पाहिजे. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, २१२. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४, पुरुषाला निदान ४० तरी हवं. बायकांची चरबी पाळी जाईपर्यंत जास्त करून मांड्या-नितंबांवर साठते, पुरुषांची मात्र पोटात, आतड्यांभोवती. पुरुष मुळातच आतल्या गाठीचे.

फॉर्मवर एक प्रश्न होता. वडिलांना वयाच्या ५५ च्या आत हृदयविकार होता का? मी 'नाही'वर खूण केली. अण्णा तेव्हा... जाऊ दे. डॉक्टरांनी फॉर्म चाळताना विचारलं, घरात कुणाला नाही ना? मी वजनकाट्याकडे बघत बसलो.

पण बारीक आहे त्याचं काय? बसमध्ये परत परत तेच. जाडा असतो तर निदान खाल्ल्याचा आनंद लोकांना दिसला असता. हे म्हणजे चोरून साठवलेलं, आणि तेही माझ्याच नकळत. फसवलं मला. कुणी, ते ठरत नाहीये. आरशाने? आईने? पंचेचाळीस वर्षं मी स्वतःला बाहेरूनच बघत आलो, हेही एक आहेच.

डॉक्टरांनी मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला होता. २००४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. माझा बीएमआय २२. मधुमेहाच्या संशोधनात आयुष्य घालवलेला माणूस स्वतःचीच चरबी जगाला दाखवतो, आणि मी फाईल इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवतो. तरी एक कबूल करतो, या रोगालाही पुणेरी दाखला आहे म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

याज्ञिकांच्याच मंडळींनी पुण्याजवळच्या खेड्यांत नवजात बाळं मोजली होती. सरासरी २.७ किलो, साउदॅम्प्टनची बाळं ३.५. हात-पाय बारीक, पोट लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. मी जन्मलो तेव्हा अडीच किलोचा होतो, आई अजून रडवेली होऊन सांगते. म्हणजे तिचं पालुपद पहिल्या दिवसापासूनच चुकत होतं. लागत होतं, आई. व्यवस्थित लागत होतं.

शनिवारी सीटीवर कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते, बघायचाय. तिथेही फॉर्म असेल. तोच प्रश्न असेल.

चालायला सांगितलंय, दमेपर्यंत. वजन थोडं उतरलं की आतली चरबीही उतरते म्हणे. म्हणजे आता बासष्टातूनही कमी! शऱ्याला मेसेज टाकला, 'उद्या सहाला पर्वतीच्या पायथ्याशी.' त्याने उलट हसणारे तीन चेहरे पाठवले. विचारलं काहीच नाही. उद्या चढताना विचारेल, आणि तेव्हा धाप मला लागलेली असेल.

एवढं लिहितोय तोवर आई पाणी प्यायला उठली. दारात उभी. "अजून जागा? अशा जागरणांनीच अंगाला काही लागत नाही तुझ्या."

म्हटलं, "लागलंय ग."

"कुठे लागलं? बघू," म्हणत तिने मोठा दिवा लावला.